संदर्भआक्का आणि कुरण्यांचा ग्रंथ

ज्ञान म्हणजे एका पिढीनं दुसऱ्या पिढीच्या हाती दिलेली अखंड ज्योत होय, असं आमचे मार्गदर्शक सर प्रत्येक भाषणाच्या सुरुवातीला म्हणत आणि वेळ उरला तर शेवटीही म्हणत. मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. केली, त्यामुळं ती ज्योत मला जवळून पाहता आली. ती एका पेन ड्राइव्हमध्ये होती. सरांच्या एका विद्यार्थ्याला पदवी मिळाली की तो पेढ्यांच्या पुड्याबरोबर आपल्या प्रबंधाची संदर्भसूची पुढच्याला द्यायचा. पुढचा तीत स्वतःची दहा-पाच पुस्तकं मिसळायचा आणि यथाकाळ पेढे वाटायचा. आमच्याकडं ह्याला ‘यादी देणं’ म्हणत. यादीतून एखादं पुस्तक काढणं हा मागच्यांचा अपमान समजला जाई, म्हणून ती फक्त वाढायची. माझ्या हाती आली तेव्हा तीत एकशे अठ्ठ्याहत्तर ग्रंथ होते. त्यांतले मी वाचलेले एकतीस.

ह्या ज्योतीच्या वाटेत निपाणीला एक बाई बसल्या होत्या. पुस्तक स्वतःच्या हातात घेतल्याशिवाय त्या त्याची नोंद संगणकात घालत नसत.

त्यांना सगळे संदर्भआक्का म्हणत. तोंडावर नुसतं आक्का. आडनाव कुणी विचारलं नव्हतं आणि दुकानाच्या पाटीवरही ते नव्हतं. वर कन्नडमध्ये आणि खाली मराठीत ‘टायपिंग’ एवढंच लिहिलेलं. एक अरुंद जिना चढून गेलं की दोन संगणक, एक प्रिंटर आणि खिडकीशी झाकून ठेवलेला जुना टाइपरायटर. आक्का पन्नाशीच्या होत्या. चष्मा दोरीनं गळ्यात. टेबलावर एका वाटीत ओला स्पंज, पानं उलटताना बोट भिजवायला. पुस्तक पुढं ठेवलं की त्या आधी मुखपृष्ठामागचं पान बघत, मग त्याच्या पाठीमागचं, मग शेवटच्या पानाचा आकडा, आणि मग पुस्तक मधोमध उघडून कण्यावर अंगठा दाबत. ही शेवटची तपासणी लेखकासाठी नसून आणणाऱ्यासाठी होती.

एकदा बोरगावचे एक प्राध्यापक ग्रंथालयातून जाडजूड पुस्तक घेऊन आले. आक्कांनी अंगठा दाबला आणि पुस्तक परत त्यांच्यापुढं सरकवलं.

“सर, पानं चिकटल्यात.”

“जुनं आहे हो आक्का.”

“जुनं न्हवं, न उघडलेलं हाय. ही पट्टी घ्या, तिथं बाकावर बसा. वाचू नगासा, निदान पानं तरी सोडवा.”

प्राध्यापक तासभर पट्टीनं पानं सोडवत बसले. जाताना म्हणाले, पुस्तक बरं दिसतंय.

पीएच.डी.चं काम घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला त्या पहिल्या दिवसापासून ‘सर’ म्हणत. मी एकदा म्हटलं, आक्का, मी अजून कुठं डॉक्टर झालोय? “पुढं म्हणायलाच लागतंय की,” त्या म्हणाल्या. “आत्तापास्नं सवय असली की त्या दिवशी जड जात न्हाय.” त्यांच्या ‘सर’मध्ये आदर किती आणि अंदाज किती, हे मला कधी कळलं नाही.

बेळगावात त्या वेळी बहुतेक जण संदर्भसूची हातानं टाइप करून घेत आणि पान हललं की रडत. आक्कांनी वर्डमधली संदर्भांची सोय स्वतःच्या स्वतः शिकून घेतली होती. लेखक, शीर्षक, प्रकाशक, गाव, वर्ष एकदा भरायचं. मग मजकुरात हवं तिथं बटण दाबून संदर्भ लावायचा आणि शेवटी एका फटक्यात सगळी सूची अकारविल्हे उभी. हे त्या ज्या शब्दांत समजावत ते मी पुढं कुठल्याच कार्यशाळेत ऐकले नाहीत. पडद्यावर दोन चौकोन यायचे. डावीकडल्यात आजवर भरलेली सगळी पुस्तकं, उजवीकडल्यात ह्या प्रबंधापुरती घेतलेली. “ही कोठी, आणि हे ताट,” आक्का म्हणत. “कोठीतलं कोठीत ऱ्हातंय, त्येची काळजी न्हाय. ताटात वाढलं की यादीत आलं. तुम्ही खाल्लासा का न्हाय ते ह्या यंतराला कळत न्हाय.”

ते खरंच होतं. ताटातल्या पुस्तकाचा प्रबंधात एकदाही उल्लेख नसला तरी सूचीत ते छापून यायचं. यंत्राचा हा स्वभाव आमच्या सरांच्या पंथाला फारच मानवला होता.

माझा विषय सीमाभागातले आठवडी बाजार. मी चिकोडीच्या एका महाविद्यालयात हंगामी शिकवत होतो, आणि संस्थेचं पत्र आलं होतं : जूनअखेर प्रबंध सादर झाला तर जागा कायम, नाहीतर ती जाहिरातीत. घरी सगळ्यांनी तारखेवर खूण केली होती. अशा वेळी मी यादी घेऊन जिना चढलो आणि आक्का म्हणाल्या, “पुस्तकं कुठं हाईत?”

मी सर्व प्रकार करून पाहिले. विनवणी केली, घाई सांगितली, सरांचं नाव सांगितलं. सरांचं नाव ऐकून त्यांनी फक्त स्पंज वाटीत उलटा केला. प्रबंधाचा सगळा मजकूर त्यांच्याच संगणकात होता, तेव्हा मग मी पुस्तकं आणू लागलो. बेळगाव, चिकोडी, निपाणी, कोल्हापूर, मिळेल तिथून. दुपारी एसटीत पुस्तकांची पिशवी मांडीवर घेऊन बसायचं, आणि बसमध्ये दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळं ती वाचायची. अशा रीतीनं माझ्याकडून नाइलाजानं शंभरावर पुस्तकं वाचून झाली. हा अपघात प्रबंधाला फार उपयोगी पडला. जी मिळाली नाहीत ती आक्कांनी गाळली. मागच्यांचा अपमान झाला, पण मागचे सगळे कायम नोकरीत होते, त्यांना तो सोसण्यासारखा होता.

मे महिन्याच्या शेवटी एकच नोंद उरली. ‘कुरणे, भ. स. : सीमाभागाचे अंतरंग आणि बहिरंग, निपाणी.’ ह्या नावात मावणार नाही असं सीमाभागात काहीच नाही, त्यामुळं भाषा, शेती, देवस्थानं, बाजार, कुठल्याही विषयाच्या प्रबंधात ते शोभायचं. सरांच्या स्वतःच्या प्रबंधाच्या सूचीत ते होतं. पुढं सरांनी ग्रंथ लिहिला तेव्हा त्यात कुरण्यांचं एक वाक्यही पृष्ठांकासह उद्धृत केलं : ‘बाजार हा गावाचा बोलका आरसा आहे.’ ते वाक्य मी उचलून दुसऱ्या प्रकरणाच्या माथ्यावर ठेवलं होतं.

“आक्का, एवढं एक राहू द्या,” मी म्हटलं. “सरांच्या घरी आहे. ते बाहेर देत नाहीत.”

“तुम्ही बघितलासा?”

“हो.”

“रंग कसला हाय?”

“कशाचा?”

“कव्हराचा.”

“तांबूस,” मी म्हणालो.

आक्कांनी चष्मा काढून दोरीवर सोडला. खिडकीतल्या टाइपरायटरकडं बघितलं.

“सर, भरमू सत्याप्पा कुरणे माझा बाबा. सही सोडली तर त्येला काय लिवायला येत न्हवतं.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. वडील इथल्याच तंबाखूच्या वखारीत तोलार होते. आयुष्यभर काट्यापाशी उभे. ह्या मुलीनं उभं राहून काम करू नये म्हणून त्यांनी तिला टाइपरायटर आणून दिला. ते गेल्यावर कित्येक वर्षांनी संगणक आला, आणि आक्का संदर्भांची नमुना फाईल तयार करत होत्या. समास, अक्षर, ओळी नीट येतात का हे बघायला एक खोटी नोंद हवी होती. यंत्रानं लेखकाचं नाव विचारलं. “हाताला तेच आलं,” आक्का म्हणाल्या. पुस्तकाचं नाव ऐटबाज सुचलं, गाव निपाणी. प्रत्येक नवा प्रबंध ह्या नमुना फाईलवरून सुरू व्हायचा आणि छापण्याआधी त्या बाबाला ताटातून उचलून ठेवायच्या. एकदा राहिलं. नेमका तो प्रबंध सरांचा.

काही वर्षांनी सरांचा पहिला विद्यार्थी यादी घेऊन आला, तेव्हा आक्कांना आपला बाबा तीत दिसला. त्यांनी गुपचूप काढला. सरांनी परत घालायला सांगितलं. आक्कांनी नाही म्हटल्यावर विद्यार्थी दुसऱ्या दुकानात गेला. मग दुसरा, मग तिसरा. आक्का कुणाला काही बोलल्या नाहीत. सरांची पदवी आपल्या चुकीमुळं खोटी ठरेल अशी त्यांना भीती वाटली. पुस्तक हातात घेतल्याशिवाय नोंद घालायची नाही, हा नियम त्या दिवसापासूनचा.

“वखारीत बाबा काट्यापाशी उभा ऱ्हायला की शेतकरीबी गप्प आन्‌ शेटबी गप्प,” त्या म्हणाल्या. “तो सांगंल ते वजन. आन्‌ मी त्येच्या नावावर हे चढवलं.”

दुसऱ्या दिवशी मी बेळगावला गेलो. सर कॅम्पात राहत. दारावर पाटी, पाटीवर पदव्या, पदव्यांखाली कुत्र्याची सूचना. मी बेतानं सांगितलं की कुरण्यांचा ग्रंथ कुठं मिळत नाही, गाळला तर चालेल का.

“कुरणे गाळायचे?” सर खुर्चीत ताठ झाले. “अहो, कुरणे वजा केले तर सीमाभागात उरतं काय? मी त्यांना भेटलो आहे. चिकोडीला. फार निगर्वी माणूस. स्वतःविषयी एक शब्द बोलले नाहीत.”

“सर, ते वारून बरीच वर्षं झाली.”

“म्हणून तर त्यांचं स्मरण अधिक आवश्यक आहे. कुरणे नसतील तर माझी सही नसेल.”

निपाणीला परतलो तेव्हा जून लागला होता. मी आक्कांना म्हटलं, “घाला की एक ओळ. कोण बघतंय?”

“ओळ न्हवं, सर. नाव हाय त्येचं.” त्यांनी पेन ड्राइव्ह काढून माझ्यापुढं ठेवला. “तुमची नोकरी हाय, मला कळतंय. समोरच्या दुकानात घालून घ्या. मी रागवत न्हाय.”

मी जिना उतरलो. समोरच्या दुकानात लग्नपत्रिकांची गर्दी होती. दुकानदार म्हणाला, तासाभरानं या. मी रस्त्यावर उभा राहिलो आणि थोड्या वेळानं परत वर आलो. ह्यात प्रामाणिकपणा शोधू नये; श्रेय द्यायचंच तर त्या लग्नसराईला द्यावं. वर आक्का संगणक बंद करून चपला घालत होत्या.

“चला,” त्या म्हणाल्या. “तुमच्या सरांस्नी मीच सांगतो. ही चूक माझी, तुमच्या ताटात कशाला?”

बसमध्ये त्यांनी पिशवी मांडीवर घेतली होती. पिशवीत वडिलांचं वखारीचं ओळखपत्र आणि एक फोटो होता. सरांच्या बैठकीत त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि नमुना फाईलपासून सगळं नीट सांगितलं. सर डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, आता भूकंप.

सरांनी डोळे उघडले. “म्हणजे तुम्ही कुरण्यांच्या कन्या!”

“व्हय. पन सर, पुस्तक न्हाय. मी घातलंय ते, नमुना म्हणून.”

“पुस्तक उपलब्ध नाही ह्याची मला कल्पना आहे. दुर्मिळ आहे.” त्यांनी आत हाक मारून चहा सांगितला. “इतकी वर्षं आपण निपाणीत आणि आम्हाला पत्ता नाही. हा आम्हा अभ्यासकांचाच करंटेपणा.”

आक्का माझ्याकडं बघत राहिल्या. तोवर सरांनी डायरी उघडून स्मृतिव्याख्यानाची तारीख काढली होती.

व्याख्यान जूनच्या तिसऱ्या आठवड्यात झालं. विषय ज्ञानाची ज्योत, वक्ते सर. व्यासपीठावर आक्कांनी आणलेला फोटो मोठा करून हार घालून ठेवला होता : धोतर, टोपी, हात कमरेवर, शेजारी वखारीचा मोठा काटा. सरांनी काट्याकडं बोट दाखवून तो समतोल विवेचनाचं प्रतीक असल्याचं सांगितलं. मग शाल, श्रीफळ, आणि कन्येनं दोन शब्द बोलावेत अशी विनंती. आक्कांनी माइक खाली ओढला.

“माझा बाबा तोलार हुता,” त्या म्हणाल्या. “त्येनं कुठलं पुस्तक लिवलेलं न्हाय. ते मी कंप्युटरवर खोटं घातलेलं. माझी चूक झाली. त्येचं नाव तुम्ही सगळ्यांनी आपापल्या यादीतनं काढा, एवढंच मागणं हाय.”

मग पहिल्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या आणि मागच्या रांगेपर्यंत पोचल्या. सर उठून म्हणाले, “वडिलांची निगर्वी वृत्ती मुलीत कशी उतरली आहे, हे आपण आत्ताच पाहिलं.” माझ्या शेजारचे गृहस्थ रुमालानं डोळे टिपत होते.

सर त्या संध्याकाळी इतके प्रसन्न होते की त्यांनी माझ्या प्रबंधावर तिथंच, हाराच्या परडीवर कागद टेकवून सही केली. सूची उघडून बघितली नाही. सूची बघायची पद्धत नव्हतीच. तीत कुरणे नव्हते. आरशाचं ते वाक्य मी सरांच्याच नावावर टाकलं होतं, कारण ते त्यांचंच होतं. जूनअखेरीला दोन दिवस असताना प्रबंध सादर झाला आणि माझी जागा कायम झाली.

काही महिन्यांनी बाहेरच्या परीक्षकांचा अहवाल आला. प्रबंध समाधानकारक, भाषा बरी. एकच त्रुटी : ‘कुरणे यांच्या मूलभूत ग्रंथाची दखल घेतलेली नाही. संदर्भसूची अपुरी वाटते.’ अहवाल घेऊन मी निपाणीला गेलो, पेढेही नेले. आक्कांनी तो दोनदा वाचला.

“म्हंजे नापास?”

“नाही हो. किरकोळ त्रुटी.”

त्या हसल्या. मी त्यांना हसताना तेव्हाच पाहिलं. “बाबा असता तर म्हणाला असता, काटा बरोबर हाय, मालच न्हाय.” मग त्यांनी पेढा घेतला आणि प्रथमच ‘सर’ न म्हणता माझ्या नावानं हाक मारून विचारलं, “आता तू यादी कुणाला देणार रं?” मी म्हटलं, कुणाला नाही. त्यांनी मान डोलावली, जणू त्यासाठीच मला डॉक्टर होऊ दिलं होतं.

पुढं मुलांच्या हाती स्वतःचे लॅपटॉप आले आणि जिन्यावरची वर्दळ कमी झाली. आक्कांना पडदा नीट दिसेना. दुकान बंद करून त्या खानापूरकडं धाकट्या बहिणीकडं राहायला निघाल्या तेव्हा मी सामान बांधायला गेलो होतो. सगळ्यात शेवटी त्यांनी संगणक सुरू करून कोठी उघडली. पहिल्या नमुन्याची ती ओळ अजून डावीकडल्या चौकोनात होती. “तू दाब,” त्या म्हणाल्या, “माझ्यानं हुईना.” मी दाबलं. यंत्रानं खात्रीसुद्धा विचारली नाही, ओळ गेली. मग त्यांनी स्पंजाची वाटी माझ्या हातात दिली. त्या गेल्याचं बहिणीनं मागच्या हिवाळ्यात फोनवर कळवलं.

ती वाटी आता माझ्या टेबलावर असते. माझे विद्यार्थी पुस्तक घेऊन आले की मी कण्यावर अंगठा दाबतो, आणि माझ्या माघारी ते मलाच आक्का म्हणतात असं कळलं आहे. बहुतेकांना हा छळ वाटतो, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. मोबाइलला विचारलं की तो मागाल तितके संदर्भ देतो, कुणी न लिहिलेल्या पुस्तकांचेसुद्धा, पृष्ठांकासह. आक्कांच्या हातून असं एकच पुस्तक झालं होतं आणि त्याची त्यांना जन्मभर लाज वाटली.

गेल्या महिन्यात माझ्याकडं एक प्रबंध तपासायला आला. सरांच्या विद्यार्थ्याच्या विद्यार्थ्याचा. मी सवयीप्रमाणं आधी मागून उघडला. सूची व्यवस्थित आहे, समास नीट आहेत, क्रम बरोबर आहे. कुरण्यांचा ग्रंथ एक्केचाळिसाव्या क्रमांकावर आहे. दुसरी आवृत्ती, सुधारित.